दाणा तोच, पण न आलेल्या महिन्याचं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही तत्त्वज्ञानात एम.ए. करताय आणि 'गरिबी आणि मानवी हक्क' या विषयावर निबंध लिहायचाय, त्याची मांडणी कशी करावी हेही तुम्हाला हवंय. तुम्ही विचारलंय: मला घराची गरज आहे म्हणून शेजाऱ्याने ते बांधून द्यावं असं बंधन त्याच्यावर येत नाही. मग भुकेल्याला अन्नाची गरज आहे एवढ्यावरून अन्न हा त्याचा हक्क कसा ठरतो? आणि सरकार धान्य देतंच आहे, तर त्याला हक्क म्हटलं काय किंवा मदत म्हटलं काय, पोटात जाणारा दाणा तोच ना?

यात दोन प्रश्न आहेत. पहिला तत्त्वाचा: गरजेतून हक्क निघतो का? दुसरा व्यवहाराचा: हक्क हा शब्द वापरल्याने काय फरक पडतो? पुस्तकं पहिल्यापासून सुरुवात करतात. मी दुसऱ्यापासून करते, कारण पहिल्याचं उत्तर मला त्यातूनच सापडलं.

मी प्राध्यापक नाही. पालघरच्या डोंगरपट्ट्यात 22 वर्षं रेशन आणि रोजगार हमीच्या कामात आहे: अर्ज लिहून देणं, ग्रामसभेत बसणं, तहसीलच्या पायऱ्या चढणं. त्यामुळे माझं म्हणणं या पट्ट्यापुरतं घट्ट आहे. शहरातल्या भाडेकरूचं, रस्त्यावर राहणाऱ्याचं, दुष्काळी मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुराचं चित्र काही बाबतीत वेगळं असेल, ते तुम्ही तिथल्या माणसांकडून तपासून घ्या.

आमच्याकडे भातकापणी संपली, दिवाळी झाली की वीटभट्टीचे मुकादम पाड्यावर येतात. हातात रोख असते, पुढच्या मजुरीची आगाऊ रक्कम. तिला 'उचल' म्हणतात. घरात दुखणं असेल, लग्नाचं देणं असेल, नुसतं पीठ संपलेलं असेल, तरी उचल घेतली जाते आणि पुढचे सहा महिने अख्खं कुटुंब भिवंडी-वसईच्या बाजूला भट्टीवर जातं. पोरांची शाळा तिथेच सुटते. हिशोब पावसाच्या तोंडावर होतो आणि बहुतेकदा काही ना काही अंगावर निघतंच, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच.

काही वर्षांपूर्वी असाच नोव्हेंबर होता. एका पाड्यावरच्या अकरा जणी रोजगार हमीखाली कामाची मागणी करायला ग्रामपंचायतीत आल्या. नमुना 4, म्हणजे मागणीचा अर्ज, भरून झाला, अंगठे उठले. कर्मचारी म्हणाला, "ठेवून जा अर्ज, काम निघालं की निरोप देतो." त्यांच्यातली एक चाळिशीची बाई जागची हलली नाही. म्हणाली, "पोच द्या. तारीख घालून."

"पोच कशाला? विश्वास नाही का आमच्यावर?"

"विश्वास आहे. पण मुकादम सोमवारी येतोय."

दुपारचे चार वाजेपर्यंत त्या व्हरांड्यात बसून होत्या. मग नमुना 5 वर, म्हणजे पोचेवर, तारीख पडली, शिक्का बसला. तिने तो कागद फुंकर मारून वाळवला, जॉब कार्डात घातला, आणि जॉब कार्ड साखरेच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलं. तेराव्या दिवशी समतल चराचं, म्हणजे डोंगरउतारावर पाणी अडवायचे चर खणायचं, काम निघालं. अकरापैकी आठ जणी गावात राहिल्या. तिघींनी आधीच उचल घेतली होती, त्या भट्टीवर गेल्या.

त्या पोचेवर इतकं भांडण का झालं? 2005 च्या रोजगार हमी कायद्यात मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचं बंधन होतं. दिलं नाही तर बेकारी भत्ता: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मा, आणि तो राज्याच्या तिजोरीतून. मागणीची तारीख कागदावर आलीच नाही तर पंधरावा दिवस कधी उजाडतच नाही. म्हणून अर्ज घ्यायला सगळे तयार असतात, पोच द्यायला नाही. अर्जात फक्त गरज असते. पोचेवर तारीख आली की देणं लागू होतं.

गरज आणि हक्क यांतला फरक मला तिथे कळला. बाईला कामाची गरज आहे हे कर्मचाऱ्याला माहीत होतं, मुकादमालाही माहीत होतं. किंबहुना मुकादमाचा सगळा धंदा त्या गरजेवरच उभा आहे. गरज सांगते की इथे काहीतरी कमी आहे. ते कोणी द्यायचं, कधीपर्यंत द्यायचं, नाही दिलं तर जाब कोणाला विचारायचा, यातलं काहीच गरज सांगत नाही. ही तीन उत्तरं मिळाली की तीच गरज हक्क होते. आणि हक्क हातात असलेली बाई मुकादमाला 'नाही' म्हणू शकते. उचलीतूनही पोट भरतं, चूल पेटते. पण 'नाही' म्हणायची ताकद उचलीतून येत नाही.

म्हणून तुमच्या 'दाणा तोच ना?' याला माझं उत्तर असं: ज्या महिन्यात दाणा येतो त्या महिन्यात फरक दिसत नाही, हे खरंच. ज्या महिन्यात तो येत नाही त्या महिन्यात दिसतो. मदत आली नाही तर माणूस नशिबाला बोल लावतो नाहीतर पुन्हा हात जोडतो. हक्काचं आलं नाही तर तक्रार होते. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला 5 किलो आणि सगळ्यात गरीब कुटुंबांच्या अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य ठरवलं. त्याच कायद्यात धान्य दिलं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागेल असंही आहे, जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आणि राज्याला अन्न आयोग आहे. किलोचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. माझ्या दृष्टीने कायद्याचा जीव या दुसऱ्या भागात आहे.

आता तुमच्या शेजाऱ्याकडे येते. तुमचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात एक गृहीत लपलेलं आहे: हक्क म्हणजे कोणीतरी आपल्याला वस्तू आणून देणं. अमेरिकी तत्त्वज्ञ हेन्री श्यू यांनी 1980 मध्ये हे छान सोडवून दाखवलं. प्रत्येक मूलभूत हक्काशी तीन प्रकारची कर्तव्यं बांधलेली असतात, असं ते म्हणतात. एक, कोणाच्या जगण्याचं साधन हिरावून घेऊ नका. दोन, कोणी हिरावत असेल तर त्यापासून संरक्षण द्या. तीन, ज्याच्याकडे उरलंच नाही त्याला पुरवा. ही कर्तव्यं एकाच माणसाच्या डोक्यावर नसतात.

रेशन दुकानात उभं राहून बघा, तिन्ही दिसतील. दुकानदाराने मापात मारायचं नाही, हे पहिलं. दक्षता समितीने आणि पुरवठा खात्याने त्याच्यावर नजर ठेवायची, हे दुसरं. गोदामापासून दुकानापर्यंत धान्य पोचवायचं, हे तिसरं. तुम्ही म्हणता तो शेजारी पहिल्या कर्तव्यातून कधीच सुटत नाही: दुसऱ्याच्या वाट्याचं त्याने घ्यायचं नाही. तिसरं कर्तव्य एकट्या त्याच्यावर टाकणं अन्यायाचं होईल, तुमचं तेवढं बरोबर आहे. म्हणूनच ते सगळ्यांत वाटून घ्यावं लागतं, आणि वाटून घ्यायला यंत्रणा उभारावी लागते.

हे वाटून घेणं नुसती कल्पना नाही, हे महाराष्ट्राने करून दाखवलंय. बहात्तरचा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना विचारा. सुकडी, मिलोची लाल ज्वारी, खडी फोडायची कामं, पाझर तलाव, हे शब्द लगेच निघतील. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. त्याआधी 1965 मध्ये वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात एक छोटा प्रयोग केला होता: जो काम मागेल त्याला काम. दुष्काळानंतर त्या विचाराला कायद्याचं रूप आलं. 1977 चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला आणि ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीच्या कामाचा हक्क कायद्याने मिळाला. देशाचा कायदा यायला अजून 26 वर्षं होती.

पैसा कुठून आला, हे तुमच्या निबंधासाठी महत्त्वाचं आहे. घरात कोणी पगारदार असेल तर त्यांची पगाराची स्लिप बघा. 'पी.टी.' अशा नावाखाली महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2500 कापलेले दिसतील. हा व्यवसाय कर 1975 मध्ये रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी आणला गेला. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराने गावातल्या अनोळखी मजुराच्या कामाच्या हक्काचा वाटा उचलला. तुमचा शेजारी घर बांधून देत नाही, पण हा वाटा उचलतो, आणि तो उचलताना कोणाच्या दारात उभं राहून कोणाला उपकाराखाली आणत नाही. अनोळखी माणसांमधलं हे नातं मला फार मोलाचं वाटतं.

'अन्नाच्या हक्काला पैसा लागतो, मालमत्तेच्या किंवा बोलण्याच्या हक्काला लागत नाही, म्हणून अन्नाचा हक्क खरा हक्क नव्हे' असा आक्षेप तुमच्या वर्गात येईलच. त्यांना विचारा: घरात चोरी होऊ नये हा हक्क फुकट मिळतो का? पोलीस चौकी, कोर्ट, तुरुंग, जमिनीचा सातबारा सांभाळणारं अख्खं महसूल खातं, हे सगळं कराच्या पैशावरच चालतं. पैसा दोन्हीकडे लागतो. एका खर्चाची आपल्याला सवय झालीय, दुसऱ्याची अजून नाही.

आता पहिला प्रश्न, गरजेतून हक्क निघतो का. माझं प्रामाणिक मत: नुसत्या गरजेतून निघत नाही. गरज मोजता येते, आणि मोजणारा वरच्या जागी बसलेला असला की मापही तोच ठरवतो. 1877 मध्ये, त्या भयंकर दुष्काळात, ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची गरज दिवसाला एक पौंड धान्यावर आणून ठेवली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि तेवढ्यावर दिवसभर खणायचं. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. उपाशी माणसं कामावरून उठतात, हे नुसत्या गरजेच्या हिशोबात बसतच नाही. जेवढं मिळतंय तेवढ्याला चिकटून राहायला हवं होतं ना त्यांनी? ती उठली, कारण आपल्याला किती पुरतं हे आपल्याला न विचारता ठरवलं गेलं, हे त्यांना सहन झालं नाही.

मोजणं वाईट असं मी म्हणत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी दिवसाला 2250 कॅलरी धरून गरिबीचा अंदाज मांडला, तेव्हा देशात किती माणसं अर्धपोटी आहेत हे झाकता येईना. ते काम फार मोठं होतं. पण गरिबीची रेषा कोण खाली आहे ते सांगते, पुढचं सांगत नाही. 2011 मध्ये नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात गरिबीची रेषा म्हणून माणशी खर्चाचा शहरात दिवसाला 32 आणि गावात 26 रुपयांचा आकडा दिला तेव्हा देशभर संताप झाला. मोजमाप देणाऱ्याच्या हाती गेलं की ते आक्रसतं, हे टेंपलच्या काळापासून चालत आलंय.

मग गरजेत काय मिळवलं की हक्क होतो? याचं सगळ्यात नितळ उत्तर मला महाडला सापडतं. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी घेतलं. तळं नगरपालिकेचं होतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्येच झाला होता, महाड नगरपालिकेनेही तसं ठरवलं होतं. 1927 च्याच डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं त्याचा आशय असा: हे पाणी न पिताही आपण आजवर जगलोच आहोत, आपण तळ्यावर जातोय ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे ठरवायला.

यावर थोडं थांबा. पाण्यापेक्षा मोठी मूलभूत गरज कोणती? आणि तरीही त्या लढ्यात पाण्याचा तुटवडा हा मुद्दा नव्हता. कोणी वरून ओंजळीत पाणी ओतलं असतं तर तहान भागली असती, अपमान तसाच राहिला असता. गरजेतून हक्क होतो तो तिच्यात माणसाची बरोबरी मिसळली की. मी भुकेला आहे, एवढ्यावर तुम्हाला माझी दया येईल. मी तुमच्याइतकाच माणूस आहे, तुमच्याइतकाच या समाजाचा भागीदार आहे, आणि तरीही भुकेला आहे, यातून तुमच्यावर बंधन येतं. आणि ते बंधन कोर्टातून पक्कं व्हायला वेळ लागतो, हेही महाडच सांगतं: चवदार तळ्याबद्दल मुंबई हायकोर्टाचा निकाल 1937 मध्ये आला, दहा वर्षांनी.

इथून एक गोष्ट निघते, जी रेशन दुकानासमोर मला वारंवार समजावून सांगावी लागते. "तो दारू पितो, त्याला धान्य कशाला?" असं गावातलीच माणसं म्हणतात. मदत द्यायची तर देणारा स्वभाव बघेल. हक्क स्वभावावर ठरत नाही, जसा मतदानाचा हक्क ठरत नाही. आणि त्याच्या कार्डावर त्याची बायको आणि पोरंही आहेत.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी, कारण त्या लपवल्या तर मी तुमची फसवणूक करेन.

हक्क जाहीर झाला म्हणजे मिळाला असं होत नाही. राज्यघटनेच्या कलम 41 मध्ये कामाचा हक्क आहे, 47 मध्ये पोषणाची जबाबदारी आहे, पण ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि कलम 37 नुसार त्यांच्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. कोर्टांनी वाट काढली ती कलम 21 मधून, जगण्याच्या हक्कातून. 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने म्हटलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. विद्यार्थी एवढंच वाक्य उचलतात. पुढचंही वाचा: त्याच निकालात त्यांना पदपथावरून हटवायला परवानगी मिळाली, फक्त पावसाळा जाऊ द्या, 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा असं सांगितलं. तत्त्व मान्य झालं आणि छप्पर गेलं. उलट 28 नोव्हेंबर 2001 ला अन्नाच्या हक्काच्या खटल्यात त्याच कोर्टाने शाळेत शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला, आणि तो ताटापर्यंत पोचला. फरक कशामुळे पडला? माझ्या मते दुसऱ्या आदेशात काय द्यायचं, कोणी द्यायचं, कधीपर्यंत द्यायचं हे लिहिलेलं होतं. पुन्हा त्या पोचेवरच्या तारखेकडेच आपण येतो.

मूलभूत गरजांची यादीही कायमची ठरत नाही. अन्न, वस्त्र, निवारा आपण पाठ करतो, पण काही गरजा व्यवस्थाच तयार करते. आमच्याकडे एक आजी आहेत, आयुष्यभर नाचणीच्या शेतात आणि चुलीपुढे हात झिजलेले. रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर, म्हणजे अंगठ्याने ओळख पटवणाऱ्या यंत्रावर, त्यांचा अंगठा उठत नाही. ओटीपीने काम होईल म्हणतात, तर मोबाईल नाही, आणि नातवाचा नंबर आधारला जोडलेला नाही. 30 वर्षांपूर्वी मोबाईल ही कोणाची मूलभूत गरज नव्हती. आज त्यांच्या भाताच्या वाटेत तो उभा आहे. ज्याने अट घातली त्याच्यावरच ती पार करून द्यायची जबाबदारी येते, असं मी मानते. हे श्यूंच्या पहिल्या कर्तव्यात, हिरावून न घेण्याच्या कर्तव्यातच बसतं.

आणि सगळ्या गरजा हक्क होऊ शकत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला बोलायला कोणी हवं असतं, ती फार खोल गरज आहे, पण तिची पोच कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. मी माझ्यापुरती कसोटी लावते: ही गोष्ट नसेल तर माणूस बाकीचे हक्क वापरू शकेल का? उपाशी माणूस ग्रामसभेत दुकानदाराविरुद्ध हात वर करत नाही, कारण उद्या धान्य त्याच्याकडूनच घ्यायचंय. म्हणून अन्न, पाणी, डोक्यावरचं छप्पर, औषधपाणी आणि काम या कसोटीला उतरतात. शिक्षण माझ्या मते उतरतं, काही जण वाद घालतील. सीमेवरच्या गरजांचा निकाल त्या त्या समाजाने भांडून लावायचा असतो, त्याचं तयार सूत्र माझ्याकडे नाही.

निबंधाची मांडणी विचारलीत म्हणून सांगते: गरज म्हणजे उणीव, हक्क म्हणजे त्या उणिवेवर बरोबरीच्या नात्याने केलेला दावा, आणि दाव्याला देणेकरी, मुदत आणि तक्रारीची जागा लागते. एवढ्या तीन पायऱ्या पक्क्या धरा आणि प्रत्येक पायरीला एक खरं उदाहरण द्या. त्याआधी तुमच्या जवळच्या रेशन दुकानात महिन्यातला एखादा सकाळचा वेळ जाऊन बसा. किती जणांना छापील पावती मिळते, कितीजण ती मागतात, आणि मागितल्यावर दुकानदाराचा आवाज बदलतो का, एवढंच वहीत लिहून आणा. मला पाठवलंत तर मी नक्की वाचेन.